आक्का, एक नंबरला कुठली लढत?

आक्का, तुम्ही जाऊन पंधरा दिवस झाले आणि या घरात मला भांडायला माणूस उरलेलं नाही. ह्यांच्याशी भांडून उपयोग नसतो, ते पेपर वर करतात. सासूबाईंना हल्ली ऐकू कमी येतं, त्यामुळं त्यांच्याशी भांडण म्हणजे नुसता घसा कोरडा. तुमच्याशी कसं, समोर तयारीचं माणूस असायचं. मी 'पण आक्का' एवढं म्हटलं की तुम्ही पदर खोचायचात आणि विचारायचात, "बोल. कितवा नंबर?"

भेटायला माणसं येतात अजून. तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलतात. लई कष्टाची बाई. तोंडानं फटकळ, पण मनात काही नाही. सगळं खरं. पण त्यातल्या एकालाही ठाऊक नाही की परग्रहावरच्या तलवारबाजीबद्दल तुमच्याइतक्या अधिकारानं बोलणारं माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरं नव्हतं. आता हे मी कुणाला सांगू? चहाचा कप धरून डोळे पुसणाऱ्या मामींना सांगू, की मी आणि माझी नणंद चौदा वर्षं अंतराळातल्या सिनेमांमधल्या लढतींचे नंबर लावत होतो आणि एक नंबर अजून ठरायचाय? त्या म्हणतील, सुनेला धक्का बसलाय, हिला जरा पडू द्या.

सुरुवातच मुळी चुकीनं झाली, आठवतंय का? वारणानगरच्या कॉलनीतून मी लग्न होऊन तुमच्या पेठेत आले, त्याच वर्षी ह्यांनी लग्नाची कॅसेट बघायला म्हणून कुणाचा तरी जुना व्हीसीआर आणला. लग्न बघून बघून पाठ झालं. मग एका रविवारी दुपारी सासूबाई म्हणाल्या, देवाधर्माचं काहीतरी आणा. कॅसेटवाल्यानं डबी देवाची दिली आणि आत घातलं भलतंच. पडद्यावर काळं आभाळ, चांदण्या, त्यातून एक भलंमोठं जहाज तरंगत आलं. जहाजातून मुकुट घातलेली एक राणी उतरली, तिनं म्यानातून तलवार उपसली तशी ती निळी पेटली. सासूबाईंनी हात जोडले. "विमान बघ देवांचं," म्हणाल्या. चांगली पंधरा मिनिटं त्या हात जोडून बसल्या होत्या. शेवटी ती राणी हिंदीत कुणाला तरी 'कमीने' म्हणाली, तेव्हा त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "ही कुठली देवी म्हणायची?"

हे हसून हसून लोळले. मी कॅसेट काढायला उठले, तर मागून तुमचा आवाज आला, "बंद करू नगंस. तिचं पाय बघ."

पाय कोण बघतंय! आम्ही ती पेटलेली तलवार बघत होतो. तुम्ही भाजी निवडायची सोडून पुढं येऊन बसलात आणि संपेपर्यंत हलला नाहीत.

तोवर मला तुमची भीतीच वाटायची. चार वर्षं नांदून सासर सोडून आलेली नणंद, सकाळी सातला डबा घेऊन शिरोलीच्या फौंड्रीत जाणारी, संध्याकाळी केसांत वाळू घेऊन येणारी. ओतकामाच्या साच्यात घालायचे वाळूचे कोअर करणं हे तुमचं काम. घरात कुणी तुम्हाला उलट बोलत नसे. त्या दुपारी पहिल्यांदा कळलं, की तुमचे वडील पेठेतल्या तालमीत मर्दानी खेळ शिकवायचे, लाठी, तलवार, पट्टा, आणि तुम्हाला त्यांनी बारा वर्षांची होईपर्यंत अंगणात शिकवलं होतं. शिकवलं काय, तर वर्षभर नुसतं मागं सरकायला. पाय कुठं टाकायचा, कसा टाकायचा, ते पवित्रे. "पुढं काय, कोणबी जातंय," तुम्ही म्हणालात. "आबा म्हणायचं, मागं सरकताना जो पडत न्हाय तो खेळाडू. मी एकदाबी पडलो न्हाय."

'मी पडलो न्हाय.' आयुष्यभर तुम्ही असंच बोललात, मी जातो, मी करतो, आपल्याकडच्या बायका बोलतात तसं. मी मास्तरीण झाल्यावर एकदा सुधारायला गेले, तर म्हणालात, "तुझं जाते-येते शाळंत बोल. हितं मी जातोच."

त्या सिनेमाचे आणखी दोन भाग निघाले, ते आपण शोधून आणले. मग रविवार दुपार आपली ठरून गेली. नंबर लावायची कल्पना तुमचीच. कुस्तीच्या मैदानाला कशा नंबरानं कुस्त्या लावतात, खालून वर, आणि एक नंबरची शेवटी, तशाच लढती लावायच्या. लढतींना नावं पण आपणच ठेवली, कारण त्या लोकांची नावं तुमच्या तोंडात बसत नव्हती. गोदामातली. एकहाती. मिठावरली. पायऱ्यांची. बाकी बारीकसारीक पुष्कळ होत्या, त्यांना तुम्ही 'पोरासोरांच्या' म्हणून एका झटक्यात उडवून लावलंत.

गोदामातली मला फार आवडायची. जहाजाच्या गोदामात दोघं लढत असतात, तेवढ्यात काहीतरी बिघडतं आणि दोघं अधांतरी तरंगायला लागतात, भोवती धान्याची पोती तरंगतायत, दाणे उडतायत. मी श्वास रोखून बघत होते. तुम्ही म्हणालात, "बाद."

"बाद? का?"

"पाय जमिनीला न्हाईत तर पवित्रा कसला? लढत हाय व्हय ही? रंकाळ्यात पवायला गेलेत दोघं."

मी तणतणले. तुम्ही ढिम्म. दहाव्या नंबरावर तरी घ्या म्हटलं, तर घेतली नाहीत ती नाहीतच. एकहाती लढतीला मात्र चौथ्यांदा बघून तीन नंबर दिलात, कारण म्हणे तो एका हाताचा गडी वार करायच्या आधी खांदा फिरवतो आणि ते खऱ्या खेळणाऱ्यालाच सुचतं. ती एवढी मागं-पुढं केली आपण, की टेपवर पांढऱ्या रेघा यायला लागल्या. "अगं बायांनो, आता टेपच बाद होईल," हे ओरडायचे.

खरं भांडण पहिल्या दोन नंबरांचं. माझी मिठावरली. मिठाच्या पांढऱ्या माळावर दोघी सख्ख्या बहिणी, दोघी राण्या, एकमेकींवर तलवारी उपसून उभ्या. एकीची निळी, एकीची तांबडी, आणि खाली मिठात दोन्हींचा उजेड. अशी लढत पुन्हा झाली नाही. आणि तुमची ती पायऱ्यांची. तिच्यात बघायला काय आहे, मला कळायचं नाही. किल्ल्याच्या दारावर पहारा देणारी एक बाई, वय झालेली, सिनेमात तिला धड नाव पण नाही. मागं वर जहाजात पोरंबाळं, म्हातारीकोतारी चढतायत. खालून शत्रूचा सरदार येतो आणि ही त्याला पायरी पायरीनं अडवत मागं सरकत वर जाते. चार मिनिटं नुसती अडवते. एक वार करत नाही. जहाज उडतं आणि ही शेवटच्या पायरीवर मरते. संपलं.

"हरली की ती!" मी म्हणायची.

"हरली? जहाज गेलं का न्हाय?"

"गेलं. पण एक वार नाही केला तिनं. निदान एक तरी!"

"वार केला असता तर पाय पुढं टाकाय लागला असता. मग बाजूनं वाट मोकळी झाली असती. बघ की नीट, डोळं कुठं हाईत तुझं?"

मी नीट बघितलं, दहा वेळा बघितलं. मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मला तुमचं पटवूनच घ्यायचं नव्हतं. तुमच्याशी वाद घालताना मला या घरात पाहुणी आल्यासारखं वाटायचं बंद झालं, हे मात्र तेव्हाच कळलं होतं. ते मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही.

त्याच सुमाराला मी कॉलेजचं काढलं. बारावी होऊन लग्न झालं होतं, पुढं शिकायचं होतं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, आईला विचार. सासूबाई दोन दिवस तोंड फुगवून बसल्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, जा. मला वाटलं, माझं नशीब चांगलं. त्याच महिन्यात तुम्ही एका दुपारी डबा हलवत घरी आलात आणि म्हणालात, नोकरी सोडली. वाळू छातीत बसती, खोकला येतो.

मी तुम्हाला तीन आठवडे तुळस-आल्याचा काढा करून दिला. तोंड वाकडं करून तुम्ही तो प्यालात. आता आठवतं, की त्या तीन आठवड्यांत खोकताना मी तुम्हाला एकदाही बघितलं नव्हतं. मग तुम्ही घरी बसून साड्यांना फॉल लावायला लागलात. मी सकाळी कॉलेजला जायची, बीए झाले, बीएड झाले, गारगोटीला शाळेत लागले. पहिल्या दिवशी एसटीच्या खिडकीतून बघितलं, तर तुम्ही स्टँडवर उभ्या होता आणि कंडक्टरशी भांडत होता, कशावरून देव जाणे.

आता मला जे बोलायचंय त्याकडं येते. टाळत होते.

बऱ्याच वर्षांनी त्या सिनेमाचा नवा भाग थिएटरला लागला. आपण दोघी दुपारच्या खेळाला गेलो. त्या दिवशी शाळेत माझं हेडमास्तरांशी वाजलं होतं, डोकं आधीच तापलेलं. सिनेमा सुमार निघाला. बाहेर भेळ घेतली, आणि तुम्ही सुरू केलंत, "असल्या धा लढती ओवाळून टाकाव्या आपल्या पायऱ्यांवरल्या बाईवरनं." एरवी मी हसले असते. त्या दिवशी माझ्या तोंडातून गेलं, "तुम्हाला ती आवडणारच हो. सासर सोडून मागं आलात, नोकरी सोडून मागं आलात. मागंच सरकायची सवय आहे तुम्हाला."

तुमच्या हातात भेळेचा कागद होता. निम्मी भेळ शिल्लक होती. तुम्ही तो नीट घडी घालून पुडी केलीत आणि म्हणालात, "चल. आई वाट बघत असंल." घरी आल्यावर ती पुडी सासूबाईंना दिलीत, 'खा, तुझ्यासाठी आणली' म्हणून.

महिनाभर तुम्ही नंबराचं नाव काढलं नाहीत. बोलत होता माझ्याशी, पीठ संपलंय, नळ आलाय, एवढंच. रोज एसटीत बसून ठरवायची, आज जाऊन पाय धरायचे. घरात पाऊल टाकलं की पर्स ठेवून थेट भांडी घासायला बसायची. मग एका रविवारी तुम्हीच सीडी घेऊन माझ्यासमोर बसलात. "मिठावरली परत बघितली," म्हणालात. "धाकटीचा डावा पाय चुकतोय. मीठ हाय म्हणून झाकलंय." मी लगेच उसळले, चुकत नाही म्हणून. तुम्ही गालात हसलात. झालं, सुरू झालं पुन्हा. तुम्ही मला माफी मागायची वेळच येऊ दिली नाहीत, असं मी स्वतःला सांगत राहिले. ते काही खरं नाही. मागायची असती तर मागता आली असती. मी मागितली नाही.

तुमचं शेवटचं दुखणं आठ दिवसांचं. रविवारी दुपारी मी एकटीच तुमच्याजवळ होते. म्हटलं, आज बोलायचंच. आणि बोलले काय? "आक्का, एक नंबर ठरवून टाकूया का?" तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "आधी ती उशी सरळ कर." उशी सरळ केली. तुम्हाला झोप लागली. ते आपलं शेवटचं बोलणं.

बाराव्याला तुमच्या फौंड्रीतल्या पारूबाई आल्या होत्या, कोअरच्या खात्यात तुमच्या शेजारी बसायच्या त्या. माणसं पांगल्यावर आम्ही तिघी, त्या, मी आणि सासूबाई, भांडी पुसून ठेवत होतो. मी आपली बोलायचं म्हणून म्हणाले, "खोकल्यानं आक्कांना नोकरी सोडायला लागली, नाहीतर रिटायर होईपर्यंत केली असती त्यांनी."

पारूबाई म्हणाल्या, "कसला खोकला? ठणठणीत हुती की ती. जाताना रडत हुती. साहेब म्हणत हुतं, तुला मुकादम करतो, नगं सोडू."

मी सासूबाईंकडं बघितलं. पारूबाई मोठ्यानं बोलल्या होत्या, त्यांना ऐकू गेलं होतं. त्या हातातलं तांब्याचं पातेलं पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मीच म्हटलं हुतं. सून कॉलेजात गेली तर घर कोण बघणार? माझं गुडघं धरलं हुतं तवा. तिनं जायचं न्हाय, असं मी आक्कीला सांगितलं. आक्की म्हणली, तिला जाऊ दे, घर मी बघतो. दोन दिवस भांडली माझ्याशी घरामागं परड्यात, तुला ऐकू जाऊ नये म्हणून. तिसऱ्या दिवशी मी हो म्हटलं. मग महिना भरला तशी ती नोकरी सोडून आली."

"मला का नाही सांगितलंत कधी?"

"तिनं शपथ घातलती. म्हणली, उपकार कळला की पोरगी मान खाली घालून ऱ्हाणार. मग माझ्याशी भांडणार कोण? मला ती भांडणारीच पायजे."

पारूबाई डोळ्याला पदर लावून बसल्या. मला रडू पण येईना. मी उठून परड्यात गेले.

आक्का, माझ्यासाठी सोडलेली नोकरी मी तुमच्या तोंडावर मारली. भर रस्त्यात, हातात भेळ असताना. जहाजात मी बसले होते आणि वर तोंड करून तुम्हालाच विचारत होते, एक वार का नाही केलात म्हणून. तुमच्या जागी मी असते तर तिथल्या तिथं सुनावलं असतं, गावाला ऐकू जाईल असं. तुम्ही पुडी बांधलीत. ते सगळं तुमच्या जिभेवर आलं असणार आणि तुम्ही ते गिळलंत, आणि मी त्याला तुमचा स्वभाव समजले. चुकलं माझं. ह्याला पण नाही, बिण नाही. तेवढं एक वाक्य निमूट ऐकून घ्या, मध्ये बोलू नका.

सासर का सोडलंत, तेही तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मी विचारलं नाही. आता वाटतं, तिथंही कुणाला तरी वाट मोकळी करून देऊन तुम्ही मागं आला असाल. नसालही. मला माहीत नाही, आणि आता कळायचं नाही. इतकी वर्षं आपण एका घरात राहून लढतींबद्दल बोललो, आणि कितीतरी विचारायचं राहून गेलं.

काल रविवार होता. दुपारी सगळी झोपल्यावर मी तिसरा भाग लावला. मनाशी पक्कं केलं होतं, की आज पायऱ्यांच्या लढतीला एक नंबर देऊन टाकायचा. तुमच्यासाठी. तेवढं तरी करावं म्हटलं. ती बाई सरकत वर गेली, मी तिचे पाय बघितले, फक्त पाय, चारही मिनिटं. एकदाही अडखळत नाही ती. तुम्ही म्हणत होता ते सगळं खरं आहे. मी रडले, नाक ओढत रडले.

आणि मग मला तुमचा राग आला. कारण मी हे काय करत होते? मान खाली घालत होते. उपकार कळला आणि लगेच नंबर सोडून दिला. याचीच तुम्हाला भीती होती ना? ह्यासाठीच दहा-बारा वर्षं तोंड शिवून बसलात, आणि तुम्ही गेल्यावर पंधराव्या दिवशी मी तेच करणार?

मग मिठावरली लावली. दोनदा बघितली. इतक्या वेळा बघून एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. दोघींनाही संधी मिळते, थोरलीला तीनदा आणि धाकटीला दोनदा, आणि दोघीही वार अर्ध्यावर सोडतात. लढत संपावी असं दोघींपैकी एकीलाही वाटत नाही. ह्याचं उत्तर आहे तुमच्याकडं?

तेव्हा ऐका. मिठावरली एक नंबर. पायऱ्यांची दोन. धाकटीचा डावा पाय चुकतो, बघितला मी, मान्य. तरी एक नंबर तीच. तुमची नोकरी मी आयुष्यभर विसरणार नाही, पण म्हणून नंबर बदलणार नाही. तुम्हाला हे पटायचं नाही, ठाऊक आहे मला. या मग, भांडा.